आबांच्या खोलीतल्या सात खुर्च्या

खोलीत सात खुर्च्या होत्या, आणि खोली ज्यांची होती त्यांना त्यातली एकही लागत नव्हती.

मुंगीनं त्या मोजल्या, कारण कॉलेजात तसंच शिकवलं होतं. माणसाकडे बघायच्या आधी त्याची खोली बघा. काय आहे, किती आहे, कुठे ठेवलंय. एक पलंग, डोक्याकडून उचलता येणारा. त्यावर हवेची गादी. गादीचा पंप पायथ्याशी; तो एकाआड एक कप्पे फुगवायचा आणि सोडायचा, त्यामुळे खोलीत सदासर्वकाळ दोन श्वास ऐकू यायचे, एक आबांचा आणि एक गादीचा. एक खिडकी. एक स्टीलचं कपाट. औषधांचा एक ट्रे. नळीतून भरवायचं पातळ जेवण कोमट ठेवायचा एक थर्मास. आणि खुर्च्या: जेवणाच्या टेबलाच्या दोन, प्लास्टिकची एक, घडीची लोखंडी एक, काकांच्या दुकानातली फिरती एक, आत्या शाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिला मिळालेली हातांची एक, आणि एक बुटकं स्टूल, जे तिनं खुर्चीतच धरलं.

मग तिनं त्यांच्या दिशा बघितल्या. दोन खिडकीकडे वळलेल्या, दोन एकमेकींसमोर, दोन दाराकडे. स्टूल भिंतीला टेकलेलं.

एकीचंही तोंड पलंगाकडे नव्हतं.

चार वर्षं ती या खोलीत येत होती. अर्धांगवायूनं आबा पडले तेव्हापासून. तिला हे आज दिसलं.

खुर्च्या कशा जमल्या ते मात्र तिला ठाऊक होतं. घर माणसांनी गजबजलेलं, भिंती पातळ, आणि कान सगळ्यांचेच तिखट. खाजगी बोलायला जागा म्हणाल तर ही एकच. दार जाड होतं, पंपाच्या घरघरीत आवाज बाहेर जायचा नाही, आणि आत कोणी नसायचं. म्हणजे आबा असायचे. पण डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ओळख राहिलेली नाही, काही पोचत नाही. तेव्हापासून ‘आबांच्या खोलीत ये जरा’ म्हणजे ‘तुला एक गोष्ट सांगायची आहे’ असा अर्थ घरात रुळला होता. जो बोलायला यायचा तो आपली खुर्ची घेऊन यायचा, आणि बोलून हलका झालेला माणूस खुर्ची उचलायला विसरतो.

रविवारची दुपार होती. जेवणं आटोपली आणि सगळे त्याच खोलीत आले. बाहेरच्या खोलीत दोन सोफे रिकामे होते. कोणाच्या मनातही आलं नाही.

मोठे काका आपल्या फिरत्या खुर्चीत बसले. आबांनी उभा केलेला लिफ्ट दुरुस्तीचा व्यवसाय आता ते बघत होते. काकू लोखंडी खुर्चीत टेकली, अर्ध्यावर, कधीही उठावं लागेल अशी. चार वर्षं तिचं बसणंच तसं झालं होतं. आत्या हातांच्या खुर्चीत. ती भावंडांत थोरली, शाळेची मुख्याध्यापिका राहिलेली. ती बसली की समोरच्याला आपण उशिरा आलोय असं वाटायचं. मुंगीचा बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत. तो आठवडाभर बस चालवायचा आणि रविवारी बोलायचासुद्धा नाही. मुंगीची आई कामावर गेली होती; जाताना एवढंच म्हणाली होती, “माझं मत मुंगीला देऊन जाते.”

“तर,” काका म्हणाले, “त्या शुश्रूषा केंद्रावर एक जागा रिकामी झाली आहे. उद्या सकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. नाही म्हटलं तर परत केव्हा नंबर लागेल सांगता येत नाही.”

“जागा रिकामी झाली म्हणजे तिथलं कोणीतरी गेलं,” आत्या म्हणाली. “नीट बोलावं माणसानं.”

“अक्का, आता शब्दात नको पकडूस.”

“शब्दात नाही, तुलाच पकडतेय. बाप आहे तो आपला. परक्या हातात टाकायचा?”

“आणि आत्ता कोणाच्या हातात आहे?” काका काकूकडे बोट करून म्हणाले. “हिच्या. हिची दोन्ही मनगटं गेली. रात्रीतून दोनदा कूस बदलायला उठते. तू महिन्यातून चार रविवार येतेस, खुर्चीत बसतेस, अन् बापाचं प्रेम काय ते आम्हाला समजावतेस.”

“अहो, राहू द्या,” काकू म्हणाली. पण तिनं मनगट पदराखाली घेतलं ते सगळ्यांनी पाहिलं.

“मी करीन,” मुंगी म्हणाली.

ती स्टुलावर होती. सगळ्यांनी खाली बघितलं.

“कॉलेज दुपारी सुटतं. मला आता सगळं येतं. कूस बदलणं, नळी, पाठ बघणं. काकूनं फक्त सकाळ बघायची. आबा कुठेही जाणार नाहीत.”

“झालं! मुंगीनं मेरू पर्वत उचलला,” काका हसले. मुंगीनं रुग्णसेवेचा हा अभ्यासक्रम घेतला तेव्हाही ते असेच हसले होते. अंग पुसायला शिकायला कॉलेज लागतं होय, मग जेवायला शिकायला विद्यापीठच काढायला हवं. “अगं, परीक्षा झाली, नोकरी लागली, की तू जाशील दुसऱ्यांचे आजोबा सांभाळायला. मग?”

“मग मी नोकरी इथेच जवळ बघीन.”

“धाकट्या, तू बोल काहीतरी. तुझी मुलगी आहे.”

बाबा चपलेच्या टोकाकडे बघत होता. “माझं काही ठरत नाही, दादा.”

“म्हणजे दोन इकडे, दोन तिकडे, आणि एक चपलेत,” काका म्हणाले. “बरं, असं करा. त्यांनाच विचारा ना!” त्यांनी खुर्ची गर्रकन अर्धी फिरवली. “काय हो आबा? जायचं का केंद्रावर?”

कोणी हसलं नाही. पंपानं श्वास घेतला, सोडला.

“बघा. मूकसंमती,” काका म्हणाले आणि खुर्ची परत वळवली.

“थट्टा करायची जागा आहे ही?” आत्या कडाडली, आणि तिथून ती आणि काका बालपणातल्या कुठल्याशा सायकलवर जाऊन पोचले, कोणी फिरवली, कोणी मोडली आणि मार कोणी खाल्ला.

मुंगी मात्र मोजत होती. मुद्दाम नव्हे, सवयीनं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पलंगावर एक रबरी पुतळा होता, त्याला सगळ्या मुली जावईबापू म्हणायच्या; सदा आडवा, सगळ्यांनी सेवा करायची आणि तोंडातून कौतुकाचा शब्द नाही. जावईबापूंचा हात उचलायचा तरी मॅडम आधी सांगायला लावायच्या: मी आता तुमचा हात उचलते आहे, चालेल? आणि मग मनात वीस आकडे. “पण मॅडम, तो रबराचा आहे,” अशी पहिल्या दिवशी कुणीतरी कुरकुर केली, तर मॅडम म्हणाल्या, “म्हणून तर. तो तुम्हाला घाई करणार नाही.” त्यानंतर कोणीही कोणालाही प्रश्न विचारला की मुंगीच्या डोक्यात आकडे सुरू व्हायचे. बहुतेक माणसं दोनच्या आत उत्तर देतात. प्रेमात पडलेली चारला. तिच्या बाबाला सहा लागायचे.

ती सतरावर पोचली तेव्हा आबांच्या डाव्या हाताची बोटं आवळली गेली. चादर मुठीत आली, क्षणभर तशीच राहिली, आणि सुटली.

काकू उठली, न बघताच तो हात चादरीखाली सरकवला, वरून कड दाबली आणि परत टेकली.

“काकू,” मुंगी म्हणाली, “हे असं होतं का नेहमी?”

“हात उडतो तो? रोजचंच आहे. डॉक्टर म्हणाले, शिरा ओढतात.”

“कधी उडतो?”

“आता कधी म्हणजे काय? मनाला येईल तेव्हा. माणसं बसली असली की जास्त. एकटे असले की नाही फारसा.” काकू थांबली. “असं का विचारतेस?”

मुंगी उठली. तिच्या पिशवीत कॉलेजचं रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, प्रात्यक्षिकासाठी सही करून आणलेलं. तिनं त्याचा पट्टा गुंडाळला, चादर बाजूला केली, आणि वाकून म्हणाली, “आबा, मी मुंगी. मी तुमच्या डाव्या हातात एक कापडी गुंडाळी देते आहे.”

“आता काय शाळा?” काका म्हणाले.

“थांबा काका. बोलू नका. कोणीच बोलू नका.”

तिनं वीसपर्यंत मोजलं. मग गुंडाळी हातात ठेवली, बोटं तिच्याभोवती आणली, आणि फुग्यानं थोडी हवा भरली. तबकडीवरचा काटा वीसवर आला. हवा बंद केली. काटा तिथेच थांबला.

“तळव्याला काही लागलं की तान्हं मूल पण मूठ मिटतं,” ती म्हणाली. ती स्वतःलाच समजावत होती. “ते उत्तर नसतं. म्हणून वस्तू आधीच हातात ठेवायची, आणि काटा स्थिर झाला की मग विचारायचं. आधी ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते.” तिनं तबकडी पलंगाच्या कडेला सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. “आबा, तुम्ही लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचात का?”

काटा वीसवर.

पाचला काकांनी सुस्कारा सोडला. आठला आत्यानं पदर सारखा केला. दहाला काका म्हणाले, “मुंगे, तुझी माया समजते मला, पण—” आणि बाबानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मुंगीला नवल वाटलं. बाबा कधी कोणाला थांबवायचा नाही.

अठराला काटा हलला. हात हललेला दिसलाच नाही. नुसता काटा, जणू दुसऱ्याच कोणाचा. बावीस, सव्वीस, तेहतीस. मग परत वीस.

खोलीत पंपाचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला.

“शिरा,” काका म्हणाले.

“आबा, आत्या तुमची सून आहे का?”

या वेळी कोणी हललं नाही. मुंगीनं चाळीसपर्यंत मोजलं. काटा वीसवर खिळून राहिला.

“आबा, आत्या तुमची मुलगी आहे का?”

सतरा. पस्तीस मिलिमीटर.

“आबा, काका तुमचे धाकटे भाऊ आहेत का?”

काही नाही. चाळीसपर्यंत काही नाही.

“आबा, काका तुमचा मुलगा आहे का?”

अठरा, एकोणीस. काटा चढला, एकतीसवर थरथरला आणि उतरला. काकांनी दोन्ही पाय जमिनीला लावून खुर्ची थोडी मागे ढकलली. तिची चाकं करकरली.

“एक मिनिट,” आत्या म्हणाली. वर्गातल्या गोंगाटात एकच खडू पडला तर तोही तिला ऐकू जायचा, असा तिचा लौकिक होता. “हो असेल तर दाबायचं आणि नाही असेल तर गप्प राहायचं, हे तू त्यांना सांगितलंस कधी?”



मुंगीनं सांगितलं नव्हतं. सांगायचं राहूनच गेलं होतं. प्रात्यक्षिकात यालाच मॅडमनी गुण कापले असते.

आणि मग तिला आठवलं. गेल्या वर्षी संवादाचं प्रकरण तिनं याच खोलीत पाठ केलं होतं. तिला फिरत, मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहत नाही, आणि बाहेर काकांचा टीव्ही असायचा. ‘होकार असल्यास एकदा दाबणे. नकार असल्यास हालचाल न करणे. प्रश्न नेहमी दोन्ही बाजूंनी विचारावा.’ तिनं ते किती वेळा घोकलं होतं! नुसतं ते प्रकरण नाही, दोन्ही वर्षांची सगळीच. गिळण्याचं. पाठीला पडणाऱ्या जखमांचं. आणि शेवटचं, आयुष्याच्या अखेरच्या दिवसांचं; पाय गार पडू लागतात, श्वासांत खंड पडतो, त्वचेवर जांभळट जाळी दिसते. ते तर तिनं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात या पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून लक्षणवार म्हणून दाखवलं होतं, आणि नीट पाठ झालं म्हणून खूश होऊन त्यांच्या पावलावर टिचकी मारली होती.

“ते शिकलेत,” ती म्हणाली.  “माझ्याबरोबर. सगळं.”

“काही पोचत नाही म्हणाले होते डॉक्टर,” काका म्हणाले.

“पोचतं. उत्तर यायला वेळ लागतो, एवढंच. आपण विचारतो, दोन-तीन आकडे थांबतो आणि पुढचं बोलायला लागतो. त्यांचं उत्तर येतं तेव्हा आपण सायकलवर असतो.”

“म्हणजे तो हात उडायचा...” काकू बोलता बोलता थांबली.

“उडायचा नाही, काकू.”

काकूनं तोंडावर पदर धरला. चार वर्षं ती तो हात चादरीखाली दाबत आली होती.

यानंतर जे झालं ते मुंगीला पुढे कधी कोणाला नीट सांगता आलं नाही, कारण घडलं असं काही नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी रडलं नाही. फक्त प्रत्येक जण आपापल्या खुर्चीकडे बघू लागला. जणू खुर्चीनं काय काय ऐकलंय याचा हिशेब लागत होता. ऊन खिडकीतून आत आलं होतं, पलंगावर पडलं होतं, आबांचे अर्धे मिटलेले डोळे छताकडे होते, आणि चेहऱ्यावर चार वर्षं होतं तेच होतं, म्हणजे काहीच नाही. पण आता ते काहीच नसणं रिकामं वाटत नव्हतं. बंद खिडकीच्या काचेमागे कोणीतरी उभं आहे हे कळल्यावर काच जशी दिसते तसं ते दिसत होतं.

पहिली काकू बोलली, आणि तीही मुंगीशी, अगदी हळू. “मी त्यांचं अंग पुसता पुसता म्हणायचे गं. लवकर सुटा म्हणायचे. तुम्ही सुटा आणि मलाही सोडवा. रोज नाही. पाठ फार दुखली की.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “म्हणजे बरेचदा.”

“मी त्यांच्याशी भांडायचे,” आत्या खिडकीकडे बघत म्हणाली. “दर रविवारी. तुम्हाला वाटायचं मी सेवेला येते. लहानपणापासूनचं सगळं काढायचे. एकदाही उलटून बोलले नाहीत, इतकं बरं वाटायचं.” ती कोरडं हसली. “उलटून बोलत असणार. मी बस पकडायला निघून गेल्यावर.”

 काका उठले, दारापाशी गेले, दार लागलंय ना ते बघितलं आणि परत आले. पण खुर्चीत बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून मागे उभे राहिले.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मग प्रश्नच मिटला. आबा कुठे जात नाहीत. घरीच राहतील.”

मुंगीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “तुम्हीच तर म्हणत होता—”

“तेव्हा म्हणत होतो. आता परिस्थिती बदलली. तिथे परकी माणसं, उद्या कोणी असाच पट्टा बांधेल, हजार प्रश्न विचारेल. घरातलं घरात राहावं. आणि ते यंत्र तू कॉलेजला परत करून टाक.”

“काय विचारतील म्हणून भीती वाटते रे तुला?” आत्यानं मान वळवली.

“तुला नाही वाटत?”

“वाटते. म्हणून म्हणते, जाऊ दे त्यांना. मला नाही आता या खुर्चीत बसवणार. तिथे सुखात राहतील, चांगली माणसं असतील. भेटायला जाऊ. बाहेरच्या खोलीत भेटू.”

“मघाशी परके हात नको होते,” काकू म्हणाली.

“मघाशी तुम्हाला मनगटं होती, वहिनी!”

“ती अजून आहेत. तरी मी सांगते, नाही पाठवायचं. आता तर नाहीच. मला चार वर्षांचं फेडायचंय.”

“तुमच्या फेडण्यासाठी त्यांनी इथे झोपून राहायचं?”

अर्ध्या तासापूर्वी जे इकडे होते ते तिकडे जाऊन बसले होते, खुर्च्या न बदलता. मुंगी एकाकडून दुसऱ्याकडे बघत राहिली. तिला हवं होतं ते घडत होतं; काका आणि काकू, दोघंही तिच्या बाजूला आले होते. आबा राहणार होते. दुपारी कॉलेज सुटलं की ती घरी येणार होती, आणि ते असणार होते. लहानपणी तिला मुंगी हे नाव त्यांनीच ठेवलं होतं. शाळा सुटली की लिफ्टच्या खोलीत त्यांच्या अवजारांच्या पेटीवर बसून ती अभ्यास करायची आणि ते काही न बोलता काम करायचे. या खोलीत पुस्तक घेऊन येताना तिला तेच परत मिळाल्यासारखं वाटायचं. आता गप्प राहिलं की झालं. काका उद्या फोन करून नाही सांगतील, संपलं.

प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबानं आपली खुर्ची उचलली, वळवली आणि पलंगाकडे तोंड करून ठेवली. मग तीत बसला. आबांच्या इतक्या जवळ तो बसलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

“मी काही बोलायचो नाही इथे,” तो आबांना म्हणाला, घरच्यांना नाही. “नुसता बसायचो. तुम्हाला वाटलं असेल, हा मठ्ठ काय येऊन बसतो.” मग सहा आकडे तो गप्प राहिला आणि म्हणाला, “लिफ्ट अडकली की तुम्ही दोघं काय करायचात, दादा?”

“हे काय मध्येच?” काका म्हणाले.

“सांग ना. तू त्यांच्याबरोबर जायचास.”

काकांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “आधी दारावर ठोकायचं. आत कोण आहे विचारायचं. आणि सुटेपर्यंत बोलत राहायचं त्याच्याशी. आबा बोलणं सोडायचे नाहीत. दोन मजल्यांमध्ये माणूस अडकला की तो बाहेरचं सगळं ऐकतो, म्हणायचे, म्हणून बाहेर उभं राहून वाटेल ते बोलायचं नाही.” शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि ते एकदम खाली बसले, फिरती खुर्ची थोडी फिरली, थांबली.

“आणि त्याला बाहेर यायचंय की नाही, हे कोण ठरवायचं?” बाबानं विचारलं.

या वेळी मुंगी आकडे मोजत नव्हती.

“विचार, मुंगे,” बाबा म्हणाला.

“नको,” काका म्हणाले. “दमलेत ते. उगाच त्रास.”

“दमलेत का, तेही त्यांनाच विचारता येईल,” आत्या म्हणाली. “विचार गं.”

मुंगीनं यंत्राकडे बघितलं. तिला विचारायचं नव्हतं. हे तिला इतकं स्वच्छ कळलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. प्रश्नाचं उत्तर आपल्याला एकच हवं असेल, मॅडम म्हणायच्या, तर तो प्रश्न आधी आपल्याला नको त्या बाजूनं विचारा. नाहीतर आवाजात विनवणी येते आणि माणसं आपल्यावर दया म्हणून हो म्हणतात. तिला तसं करता आलं नाही. तिनं आपल्याला हव्या त्या बाजूनंच सुरुवात केली.

गुंडाळीतली हवा थोडी कमी झाली होती. तिनं ती परत भरली. काटा वीसवर आणला. हातावर हात ठेवायचा मोह झाला तो आवरला. आपलाच दाब मोजला गेला असता.

“आबा. तुम्हाला इथे, या घरात राहायचंय का?”

काकू खुर्चीत पुढे सरकली. काका काट्याकडे बघत होते, आत्या आबांच्या चेहऱ्याकडे, बाबा त्यांच्या हाताकडे. गादीचा एक कप्पा भरला, एक रिता झाला. सतरा आले आणि गेले. अठरा. वीस. झोप लागली असेल, मुंगीला वाटलं. दमले असतील. तीस. ती पुढे मोजत राहिली, चाळीसच्याही पुढे, साठपर्यंत. काटा वीसवर होता.

“झोपलेत,” काका म्हणाले. आवाजात सुटका होती.

“आबा, तुम्ही झोपला आहात का?” आत्यानं विचारलं आणि लगेच ओठ चावला.

मुंगीनं ओठांवरून जीभ फिरवली. “आबा. तुम्हाला केंद्रावर जायचंय का?”

सोळाला काटा निघाला. या वेळी हातही दिसला. बोटांची पेरं पांढरी पडली, नखं गुंडाळीत रुतली. काटा तेहतीस ओलांडून गेला, पस्तीस ओलांडून गेला.  काटा बावन्नवर थांबला, थांबून राहिला, आणि मग उतरला.

“एकदा झालं,” काका म्हणाले. “एकदा म्हणजे काही नाही. तूच सांगत असतेस, तीनदा घ्यायचं म्हणून.”

ते खरं होतं. नियम तोच होता. मुंगीनं हवा तपासली, काटा परत वीसवर आणला. तबकडी तिला नीट दिसेना, म्हणून तिनं बाबाला वाचायला सांगितलं. मग सरळ बसून, आवाज तसाच ठेवून, तिनं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

सोळा आकडे गेले. “त्रेपन्न,” बाबा म्हणाला.

तिसऱ्यांदा ती “तुम्हाला केंद्रावर” एवढंच बोलली होती, वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. काटा एकसष्टवर गेला.